मामांचे एकवीस दिवस

रत्नागिरीतल्या माणसांची खानेसुमारी दर दहा वर्षांनी सरकार करी आणि पिसवांची दर शनिवारी आमचे मामेसासरे करीत. दोहोंत मामांची अधिक बिनचूक असे, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. ब्रह्मचारी. सारी हयात मोजणी खात्यात गेलेली. जिल्ह्यातले कातळ, बागा आणि भातखाचरं साखळी ओढून मोजून झाल्यावर सरकारने त्यांना घरी पाठवलं, तेव्हा मोजण्याजोगं त्यांच्या हाताशी उरलं ते एवढंच: एक कौलारू घर, मागची वीस-पंचवीस कलमं आणि मांजरं. मला मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात स्टोअरकीपरची नोकरी लागली, आणि मामांनी आपलं अर्धं घर भाचीला आणि पर्यायाने मला दिलं. आमची मुलगी त्याच घरात जन्मली.

मांजर ज्या गावाहून आलं त्या गावाचं नाव त्याला, असा मामांचा नियम होता. केळशी ही करड्या-पांढऱ्या रंगाची मांजरी, केळशीहून आंब्याच्या पेटीत बसून एसटीने आलेली. वेळणेश्वर हा बोका, अंगाने अवाढव्य आणि वृत्तीने विरक्त. कारखान्याच्या फाटकाशी सापडलेलं पिल्लू मी घरी आणलं, त्याचं नाव ओघानेच मिरजोळे. तिन्हीसांजेला मामा पायरीवर उभे राहून, "केळशीऽ, वेळणेश्वरऽ, मिरजोळेऽ" अशी हाळी देऊ लागले की नव्या माणसाला आपण एसटी स्टँडवर आलो असं वाटे. एकदा एका वाटसरूने खरंच थांबून विचारलं, "वेळणेश्वर कितीला सुटणार?" मामा शांतपणे म्हणाले, "जेवून झालं की."

शनिवारी सकाळी मामा खाकी अर्ध्या चड्डीवर गुडघ्यापर्यंतचे पांढरेशुभ्र मोजे चढवीत. मग प्रत्येक खोलीच्या मधोमध जाऊन ध्यानस्थ उभं राहायचं. पिसू उडून मोज्यावर बसली की पांढऱ्यावर काळी दिसते. मामा खिशातलं भिंग काढून कमरेत वाकत, मोजत, आणि घराच्या नकाशावर त्या जागी लाल टिंब देत. नकाशा त्यांनी स्वतःच काढलेला, उत्तर दिशेच्या बाणासकट. ते असे देवघरासमोर उभे असताना माझी बायको ओरडे, "मामा, मोजे घालून देवापुढे काय उभा राहिलास!" "देवाच्याच खोलीत जास्त आहेत गो," मामा जागचे न हलता म्हणत. "वेळणेश्वर तिथेच निजतो ना."

एकदा माझे कारखान्यातले साहेब चहाला आले. साहेब म्हणजे पुण्याहून बदलून आलेले, कडक इस्त्रीचे. मी आधीच अबोल, त्यातून साहेब समोर. बशीकडे बघत बसलो होतो. तेवढ्यात मामा आतून आले, साहेबांच्या पायाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "जरा हलू नका हां." मग चिमट्याने त्यांच्या मोज्यावरून काहीतरी उचललं, भिंगाखाली धरलं. "साहेब, तुमच्याकडे कुत्रा आहे काय हो?" साहेब म्हणाले, "आहे. का?" "तरीच," मामा म्हणाले, "आमच्या हद्दीतली नव्हे ही," आणि ती साबणाच्या पाण्यात सोडून आले. मला वाटलं, आता बढती गेली. साहेब दुसऱ्या दिवशी कुत्र्यालाच घेऊन हजर.

आणि ही काही थट्टेची विद्या नव्हती. आळीतली, बाजारातली माणसं टोपलीत मांजर झाकून आणत. मासे विकणारी एक बाई तर पाटी आमच्या पायरीशी उतरवून आधी बोका पुढे करायची. "मामानू, ह्याला जरा बगा वो. खाजवून खाजवून मेलाय मेला!" मामा बोक्याला पंच्यात गुंडाळत, आधी त्याच्या गळ्याभोवती साबणाच्या फेसाचं कडं घालत, कारण पाणी लागलं की पिसवा मानेवरून डोक्याकडे धावतात, आणि मग बारीक दातांची उवांची फणी घेऊन मानेपासून शेपटीपर्यंत असे सावकाश उतरत की बोका घोरू लागे. फणीला लागलेलं काळं पिठासारखं ओल्या फडक्यावर टेकवून तिला दाखवत. "हे बघ, लालसर पसरलं ना? ही पिसवांची घाण. ह्याचंच रक्त." कानामागे गोचीड असली की बाई म्हणे, "उदबत्तीचा चटका द्या ना!" मामा खवळत. "चटका दिलास की ती आतलं सगळं त्याच्या रक्तात ओकते. हद्दीचा दगड कधी काढलायस? बुडाशी धरायचा आणि सरळ वर. पिळायचा नाही, ठेचायचा नाही." आणि गोचीड रॉकेलच्या बाटलीत.

औषधांच्या बाबतीत मात्र त्यांचा एकच कायदा होता. मांजर म्हणजे जीभ. तिच्या अंगावर जे पडेल ते तासाभरात तिच्या पोटात जातं. बाजारातल्या एका दुकानदाराने त्यांना पिसवांवर म्हणून एक पूड दाखवली. "अगदी जालीम आहे मामा." मामांनी डबीचं झाकण उघडून त्याच्यापुढे धरलं. "चाटा." "अहो, मी कसा चाटू?" "मग ती कशी चाटेल?" ही गोष्ट मामांनी मला निदान पन्नास वेळा सांगितली असेल. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही, म्हणून ती इथे लिहिली.

मुलगी तीन वर्षांची असतानाचा तो उन्हाळा. आंबा जोरात होता. पडवीतल्या खोलीत भाताच्या पेंढ्यावर आढी घातलेली, आणि बाहेरच्या कोपऱ्यात उरलेल्या पेंढ्यावर गोणपाट टाकून केळशीने आपला बिछाना केलेला. त्या वर्षी पिसवा अशा झाल्या की मामांचा नकाशा गोवर आल्यासारखा दिसू लागला. मुलीच्या पोटऱ्या फोडांनी भरल्या. ती रात्रभर खाजवायची, रडायची. बायको म्हणाली, "मामा, एक तर ह्या जातील नाही तर मी."

"एकवीस दिवस दे मला," मामा म्हणाले. "मांजरावर दिसतात त्या चार आण्याच्या. बारा आणे घरात आहेत. अंडी खाली गळतात, फटीत अळ्या होतात, त्या कोश करून बसतात. कोशाला काही लागू पडत नाही. तो फुटेपर्यंत वाट बघायची." आणि ते कामाला लागले. रोज मांजरांना फणी. रोज हिराच्या झाडूने कानाकोपरा, आणि केर लगेच चुलीत. गोधड्या, गोणपाटं, मांजरांची फडकी मोठ्या हंड्यात उकळून कातळावर उन्हात. शेणाच्या जमिनीतली एकेक भेग माती कालवून बुजवली. खाटेखालच्या भेगांसाठी ते पोटावर सरपटत गेले आणि तिथून त्यांचे नुसते तळवे दिसत असताना शेजारीण हळदीकुंकवाचं बोलावणं करून गेली. केळशीचा पेंढा दर आठवड्याला बदलत.

चौदाव्या दिवशी पिसवा कमी व्हायच्या त्या वाढल्या. "वाढणारच," मामा म्हणाले. "कोश फुटताहेत. ही शेवटची भरती, जावईबापू. आता धीर सोडायचा नाही." आणि दुसऱ्या दिवशी ते वेळणेश्वराला गेले. वर्षातून एकदा दोन दिवस देवळात जाऊन राहण्याचा त्यांचा नेम होता. निघताना त्यांनी कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्याने केळशीला पुसलं आणि मला म्हणाले, "फक्त फणी आणि केर. दुसरं काही करू नका."

त्या रात्री मुलीने पाय खाजवून रक्त काढलं. सकाळी उठून मी मागच्या खोपीत गेलो. मोहोरावर तुडतुडे पडले की पाण्यात कालवून फवारायची ती भुकटी तिथे डब्यात शिल्लक होती. मी मूठभर घेतली आणि केळशीच्या पेंढ्यावर आणि गोणपाटाखाली भुरभुरवली. वर नव्हे, खाली, म्हणजे चालेल, असं मी मनाला सांगितलं. मनाला काय, काहीही सांगता येतं. मग हात धुतले आणि कुणाला काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा परतले तेव्हा केळशी त्यांना पायरीवर दिसली नाही. ती न्हाणीघराच्या मागे पडली होती. तोंडातून लाळ गळत होती, अंगाचा कणनकण थरथरत होता. मामांनी पिशवीही खाली ठेवली नाही. तसेच धावत जाऊन जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी तिचे डोळे पाहिले आणि विचारलं, "घरात काही फवारलंत का? पावडर-बिवडर?"

"छे! मी काल नव्हतो. पण जावईबापू होते," मामा म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. संशयाने नव्हे. साक्षीदाराकडे बघावं तसं.

मी म्हणालो, "नाही."

"नक्की? विषबाधा वाटत्ये. कशाची ते कळलं तर त्यावरचं इंजेक्शन आहे माझ्याकडे. अंदाजाने कुठलं देऊ?"

बायको दारात उभी होती, कडेवर मुलगी. आता बोलायचं, असं मी मनात दोनदा तरी म्हटलं असेल. पण एकदा 'नाही' म्हणून झालं होतं, आणि ज्या माणसाच्या घरात राहतो त्याच्यासमोर लगेच 'हो' म्हणायला जीभ उचलेना. तेवढ्यात मामाच म्हणाले, "डॉक्टर, परवा सकाळी मी निंबाच्या पाण्याने पुसली हो हिला." डॉक्टर म्हणाले, "त्याने एवढं होईलसं वाटत नाही. पण सांगता येत नाही." त्यांनी कसलंसं इंजेक्शन दिलं. केळशी दिवेलागणीच्या आधी मामांच्या मांडीवर गेली.

मामा तिला कलमाखाली पुरत होते तेव्हा मी तो पेंढा आणि गोणपाट उचलून बागेच्या पार टोकाला खोल खड्ड्यात गाडलं. मामांनी ते पाहिलं. जवळ येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं केलंत. मला आज ते जमलं नसतं."

एकविसाव्या दिवशी मामा मोजे चढवून सगळ्या घरातून फिरले. मोजे पांढरे ते पांढरेच राहिले. बायको म्हणाली, "मामा, जिंकलास की रे!" मुलीने टाळ्या पिटल्या. मामांनी मोजे काढले, घडी घातली, आणि नकाशा गुंडाळून माळ्यावर टाकला. त्यानंतर ते शनिवारी कधी उभे राहिले नाहीत. आळीतलं कुणी टोपली घेऊन आलं की, "मला नाही हो त्यातलं कळत," म्हणून परत पाठवीत. मासेवाली बाई चिडली. "मामानू, काल कळत होता, आज कळत नाय? असा कसा?" मामा हसले आणि म्हणाले, "वय झालं, बाई." त्यांचं वय तेव्हा बासष्ट होतं. वेळणेश्वर आणि मिरजोळे ह्यांना मात्र ते रोज फणी करीत, नुसत्या पाण्यात बुडवलेली. निंबाचा पाला त्यांनी पुन्हा घरात आणला नाही, अगदी गुढीपाडव्यालासुद्धा. आमच्या घरी त्या दिवशी कडू खाल्लं जात नाही ह्याचं पाहुण्यांना नवल वाटे, आणि मामा विषय बदलीत.

चार-पाच वर्षं अशी गेली. आल्यागेल्याला मामा सांगत, "आमचे जावईबापू फार शांत. उगाच एक शब्द बोलायचे नाहीत." मी खाली बघत असे, आणि लोकांना तो माझा विनय वाटे. शेवटच्या दुखण्यात मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. दुपारची वेळ, बायको औषध आणायला गेलेली. मामांनी डोळे उघडले आणि अगदी हळू, एखाद्या वडीलधाऱ्याला विचारावं तसं मला विचारलं, "जावईबापू, निंबाच्या पाण्याने मांजर मरतं का हो?"

मला वाटतं, ह्याहून सोपं करून कुणी दार उघडून देत नाही. मी म्हणालो, "मला काही कल्पना नाही, मामा. तुम्ही पडा." ते पडले. आठवड्याने गेले.

हे लिहायला घेण्याआधी मी बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला सारलं, पण ती रडली नाही, माझ्यावर ओरडलीही नाही. म्हणाली, "मामाला सांगायचंत हो. मामाने तुम्हाला तोंडावर चार शिव्या घातल्या असत्या, दोन दिवस बोलला नसता, आणि तिसऱ्या दिवशी त्या कोळणीच्या बोक्याला घेऊन बसला असता."

मी म्हटलं, "हो." तिने सूप पुन्हा पुढे ओढलं.