तीन लवंगांची खूण

बाईंनी माझा सौदा मोडला, हे मी आजही म्हणतो.

त्या खामगावच्या एका दवाखान्यात नर्स होत्या. मूळच्या दक्षिणेकडच्या, एकट्या राहायच्या. महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील. डोक्यावरची पाटी उतरवून मी नुकतंच किराण्याचं दुकान टाकलं होतं. नाताळात बाई केक करून सगळ्या दवाखान्याला वाटायच्या. काळपट, जड, आणि गोडी संपता संपता जिभेवर किंचित कडू. हा दुकानात ठेवला तर गिऱ्हाईक तुटून पडेल, हे मी पहिल्याच घासाला ओळखलं. सौदा साधा होता. मनुका, खारीक, काजू मी निवडून द्यायचे, बाईंनी केक शिकवायचा.

दोन वर्षं त्यांच्या ओट्याशी बसलो. मैदा, लोणी, अंडी, करपवलेल्या साखरेचं पाणी, सोडा. तराजू मी सोबत नेत असे, कारण ‘अंदाजानं’ या शब्दाचा मला राग येतो. बाई दोन मुठी मनुका म्हणाल्या की मी त्या तोलायचो, वाद घालायचो. शेजारी त्यांचा कॉफीचा कप निवत पडलेला असायचा. गावभर चहा, कॉफीवाल्या त्या एकट्याच.

घरी येऊन तेच सगळं केलं की केक व्हायचा, पण तो नव्हे. तांबूस, नुसता गोड. एक वस्तू त्यांनी नक्की दडवली होती. मी तावातावानं विचारलं तर म्हणाल्या, “तुमच्यासमोरच तर करते. पाहत जा ना.”

त्या पावसाळ्यात बाई तापानं गेल्या. मी मातीला गेलो नाही. घरमालक सामान बाहेर काढत होता तेव्हा त्यांचा केकचा पत्र्याचा डबा मात्र भरपाई म्हणून उचलून आणला.

नाताळ जवळ आला तशी दवाखान्यातली म्हातारी आया दुकानात हळहळली, की यंदा केक नाही. रागाच्या भरात मी चार गिऱ्हाइकांदेखत बोलून गेलो, मिळेल, अगदी तोच मिळेल. आता जमला नसता तर बाजारात माझ्या शब्दाला कोणी विचारलं नसतं.

तेव्हा असं काही घरी भाजत नसत. डबा बेकरीच्या भट्टीवर न्यायचा. डबे सगळे सारखेच, म्हणून प्रत्येक घर वर आपली खूण खोचत असे. कुणाची चारोळी, माझा एक बदाम, बाईंच्या तीन लवंगा, एका ओळीत. भट्टीवाले चाचा खूण पाहूनच डबा हातात देत.

त्या दुपारी बाईंच्या डब्यात मी पीठ ओतलं, मधोमध बदाम खोचला आणि डबा माझ्यासमोर भट्टीत गेला. उन्हं कलल्यावर परत आलो. दुसऱ्या कुणाचा डबा आलाच नव्हता. चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि डबा मागे ओढला.

“हा तुमचा नाही, सेठ. बाईचा हाय.”

“काऊन चाचा, डोळे गेले काय? बाईले जाऊन पाच महिने झाले.”

“मले काय माहीत. मी तं खूण पाहून देतो.”

बदामाच्या खालच्या बाजूला, एका ओळीत तीन लवंगा होत्या. खोल रुतलेल्या, केक त्यांच्याभोवती फुगून भाजला होता. म्हणजे कच्च्या पिठातच खोचलेल्या. आणि वास येत होता कॉफीचा. माझ्या दुकानात कॉफी नव्हती, घरात कधीच आली नव्हती.

डबा हिसकावून मी तसाच दवाखान्यात गेलो. आयानं तुकडा तोंडात टाकला, चावायची थांबली, आणि दाराकडे पाहून पदर सावरला. बाई वॉर्डात शिरल्या की सावरायची, तसा. मग हळूच म्हणाली, “कॉफी तुमाले कोनं सांगितली?”

तेव्हा मला तो कप आठवला. दोन वर्षांत बाईंना त्यातून पिताना मी एकदाही पाहिलं नव्हतं. मी तराजूच्या काट्यावर डोळे लावून बसलेला असायचो, आणि त्या तो मनुकांवर ओतत असणार.

तरी तोंडानं सांगायला काय जात होतं, हे माझं म्हणणं कायम आहे.

पुढे मी कॉफी मागवली. मनुका आदल्या दिवशी तिच्यात भिजवू लागलो. केक दुकानात ठेवला, खपला. खूण म्हणून एक बदाम खोचतो, दुसरं काही नाही. पण नाताळातला पहिला डबा चाचा अजून सरळ देत नाहीत, आधी मागे ओढतात. मी भांडतो, सोडवून घेतो, आणि घरी येऊन चिमट्यानं तीन लवंगा उपटतो. भोकं राहतात. त्यांच्यावर पिठीसाखर भुरभुरतो, म्हणजे गिऱ्हाइकाला दिसत नाहीत.