सोड्यांच्या शेजारचे बटाटे

आई गेल्याचा निरोप मला ऑफिसात फोनवर मिळाला. आई म्हणजे माझ्या सासूबाई. अंधेरीहून मुलुंडला घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच विचार होता... सकाळचा उरलेला बटाट्याचा रस्सा कुणी ओतून तर दिला नसेल? अशा वेळी असलं काही सुचल्याची लाज वाटली. पण आई असत्या तर त्यांनीही आधी तेच विचारलं असतं. त्याला आता पाच आठवडे झाले.

आमच्या घरात शिळं असं काही नव्हतंच. पोळीचा कुस्करा व्हायचा, भाताला फोडणी मिळायची, भाजी थालीपिठात जायची. आणि उकडलेला बटाटा तर आईंचा जीव की प्राण. "शिळो म्हणू नको, मुरलेलो म्हण," असं मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं. मी माहेरची उरलंसुरलं टाकून द्यायच्या वळणाची, त्यामुळे मला ही सगळी कंजुषी वाटायची. पुढे कळलं की ही कंजुषी नव्हती, निव्वळ चौकसपणा होता. चौथीत शाळा सुटलेली ही बाई पदार्थांच्या मागे हात धुऊन लागायची. ताजा उकडलेला बटाटा काचऱ्या करताना चुरतो आणि रात्रभर ठेवलेला कसा नीट कापला जातो? कालचं माशाचं कालवण आज जास्त चवदार का लागतं? उत्तर नाही मिळालं तरी प्रश्न सोडायच्या नाहीत.

त्र्याऐंशी साली घरात फ्रिज आला आणि आईंना खेळणं मिळालं. साल काढून ठेवलेला बटाटा, सालीसकट ठेवलेला बटाटा, असे प्रयोग सुरू झाले. मला मिळालेला पहिला धडा होता, "गरम बटाट्यार झाकण घालू नको. घाम येता तेका." घाम आला की तो चिकट होतो आणि आंबतो.

तोच धडा माझ्या अंगाशी आला. आई तेव्हा एकवीस संकष्ट्यांचा नवस करत होत्या. कशासाठी, ते कधी बोलल्या नाहीत. एकोणिसाव्या संकष्टीच्या आदल्या संध्याकाळी मी उपासासाठी वेगळे बटाटे उकडले, सकाळी ऑफिसची घाई नको म्हणून. निवेपर्यंत झाकण घातलं नाही, आणि मग तसेच उघडे फ्रिजमध्ये सरकवले. शेजारी उरलेल्या सोड्यांची वाटी, तीही उघडीच. सोडे म्हणजे सुकवलेली कोलंबी. तिचा वास किती ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी आईंनी जिरं-मिरचीच्या त्या भाजीचा पहिला घास घेतला आणि त्या थांबल्या.

"गो, ह्या बटाट्यांका सोड्यांचो वास येता."

आईंनी ताट बाजूला सारलं, चूळ भरली. रागावल्या मात्र नाहीत. संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी एक बटाटा झाकून आणि एक उघडा असे सोड्यांशेजारी ठेवले, आणि तिसऱ्या दिवशी मला आणि सासऱ्यांना, अण्णांना, डोळे मिटून हुंगायला लावलं. "बघ, बटाटो वास ओढून घेता!" त्यांना केवढा आनंद झाला होता! आणि उपास मोडला असं धरून संकष्ट्यांबद्दल त्याच दमात म्हणाल्या, "आता पयल्यापासून मोजूक व्हया."

नवस कशासाठी होता ते त्या दिवशी अण्णांनी मला गॅलरीत नेऊन सांगितलं. माझ्यासाठी. मला दोनदा दिवस राहून पोट रिकामं झालं होतं, मूल टिकत नव्हतं. एकोणीस महिन्यांचे उपास माझ्याच हलगर्जीपणाने वाया गेले होते. मी खूप रडले. नव्या मोजणीतल्या पाचव्या संकष्टीच्या सुमारास मला पुन्हा दिवस राहिले आणि मुलगी झाली, टिकली. आईंनी एकवीस पुऱ्या केल्या. पण तो वास माझ्या मनातून गेला नाही. हे पोर जरा आजारी पडलं तरी मला वाटायचं, मोडलेल्या उपासाची शिक्षा मागे लागली.

जायच्या महिनाभर आधी आई पलंगावर पडून होत्या. मी जवळ बसून बटाटे सोलत होते. न राहवून म्हणाले, "आई, तेव्हा तुमचा उपास माझ्यामुळे मोडला हो..."

त्या हसल्या. "वासान खंय उपास मोडता? माका ठाऊक होता."

"मग पहिल्यापासून का मोजलंत?"

त्या छताकडे बघत म्हणाल्या, "एकोणीस झाली होती आणि तुझा काय चिन्ह नव्हता. दोन उरलेली. एकवीस पुरी झाली असती आणि काय झाला नसता, तर देवाकडे परत खंयच्या तोंडान मागतलंय? माका भिया वाटला गो. निमित्त व्हया होता... तुझ्या बटाट्यांनी दिला."

मी त्यांचा हात धरून बसले, बटाट्याच्या चिकट हातांनी तशीच.

आता घरात एक माणूस कमी झालं आहे. हिशेबाने चार बटाटे पुरतात. मी सहा लावते. कुकर उघडला की जास्तीचे दोन ताटलीत काढते, निवेपर्यंत तिथेच उभी राहते, आणि मग झाकून ठेवते... सगळं एकदम संपू नये म्हणून.