भाषणातून वगळलेला दादा

नेकनूरच्या स्टँडवर त्या सकाळी बीडची गाडी अगदी वेळेवर आली, याचाच मला राग आला होता. ती चुकली असती तर आजचा दिवस तरी टळला असता. दादानं माझी पिशवी खिडकीतून आत टाकून जागा धरली. आमचे वडील, अण्णा, दुकानात एक मोटार अर्धी उघडी टाकून तसेच काळ्या हातांनी आले होते. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवीन वायर भरून द्यायचं आमचं दुकान. ते चालवायला एक जण हवाच, म्हणून दोघा भावांपैकी एकालाच पुण्याच्या कारखान्यात जाता येणार होतं. दादाचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे तिघांनाही ठाऊक होतं. तरी तोच म्हणाला, "तू जा बे. माजं हितं भागतंय."

गाडी हलली तसे अण्णा ओरडून सांगू लागले, "जळाली मोटार दिसली की लगीच वायर तोडू नकू. आदी इचार, कावून जळाली!"

गाडीतली माणसं ऐकत होती. मला लाज वाटली.

पुण्यात मी सगळ्यात आधी टाकून दिला तो हा 'कावून'. महिन्याभरात माझ्या तोंडात 'का', 'आहे', 'नाही' बसलं. भोसरीतल्या कारखान्यात इलेक्ट्रिक पॅनल जोडता जोडता सुपरवायझर झालो. तिथं 'का'चीही फारशी गरज पडत नव्हती, 'इश्यू काय आहे' म्हटलं की भागायचं. सुट्टीच्या दिवशी खोलीवर बसून मी मोटार जळू नये म्हणून एक डबा तयार केला. व्होल्टेज कमी झालं की तो मोटार बंद करायचा. मला वाटलं, झालं, आता गावाचं भलं झालंच. अकरा डबे एसटीनं नेकनूरला पाठवले आणि दादानं ते अकरा विहिरींवर बसवले.

महिन्यात नऊ जणांनी डबा बाजूला काढून मोटार डायरेक्ट केली. मी फोनवर चिडलो. म्हणालो, लोकांना कळत नाही, त्यांना नवीन काही नकोच असतं.  दुकान बंद ठेवून दादा एकेका विहिरीवर गेला आणि प्रत्येकाला एकच विचारलं, कावून काढलं? मग मला फोन केला. "आरं, लाईट आली की समदे एकदमच मोटारी चालू करत्यात. व्होल्टेज पडतंच. तुजा डबा सारखा बंद. मानसानं किती खेपा घालायच्या? डब्याला तुज्या पुण्याच्या लाईटीची सवय हाय, आपल्या न्हाई."

व्होल्टेजची मर्यादा जरा खाली घ्यायची, आणि बंद झाल्यावर थोडं थांबून डब्यानं आपलं आपणच पुन्हा चालू व्हायचं, ही युक्तीही त्याचीच. त्यावर माझा धंदा उभा राहिला. तोपर्यंत चार वर्षं मी नोकरी सोडली नव्हती, आणि पहिल्या डब्यांची सगळी दुरुस्ती दादाच्या दुकानात होत होती.

हे सगळं आज लिहितोय, कारण बीडच्या एका कॉलेजात नवउद्योजकांच्या मेळाव्यात मी यातलं काहीच सांगितलं नाही.

मी कोट घालून गेलो होतो. हातात माइक आला आणि अंगात वारं शिरलं. म्हणालो, एक पिशवी घेऊन निघालो, पाठीशी कुणी नव्हतं. म्हणालो, नोकरी ही बेडी आहे, धोका पत्करा, मागं वळून बघू नका. ते नऊ डबे मी 'माझं पहिलं अपयश' म्हणून सांगितले आणि त्यावरची युक्ती 'मला सुचलेली' म्हणून. मुलं लिहून घेत होती. दादा सगळ्यात मागं उभा होता आणि सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता. त्याची मुलगी अश्विनी तिसऱ्या रांगेत व्हिडिओ काढत होती.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. अश्विनी डिप्लोमा झालेली, परळीला एका ठेकेदाराकडं देखभालीच्या कामावर होती. "काका, राजीनामा दिला. तुमचं भाषन ऐकून हिंमत आली." तिला सीताफळाचा गर काढायचं हातमशीन करायचं होतं. आपल्या बालाघाटाच्या डोंगरात सीताफळाला तोटा नाही, बिया वेगळ्या करता करता बायकांची बोटं मोडून येतात, म्हणून हे मशीन. कल्पना चांगलीच होती. पण ती आजवर कधी आपटली नव्हती, आणि ज्या गोष्टीवर भरवसा ठेवून तिनं उडी मारली ती गोष्टच खोटी होती.

तीन दिवस मला घास गोड लागला नाही. आता आपटली तर? दादाचं काय होईल? 'उद्योजक' म्हणून छापलेल्या माझ्या कार्डाचं काय, हाही विचार आला, तो लपवत नाही. चौथ्या दिवशी गाडी काढली आणि नेकनूर गाठलं.

दादा मोटार उतरवायला एका विहिरीवर गेला होता. दुकानात अश्विनी पत्र्यावर खडूनं आकृती काढत बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. चार वर्षं मी नोकरी धरून ठेवलेली, विहिरीविहिरीनं फिरलेला तुझा बाप, युक्ती त्याची, भाषण माझं. नोकरी परत मिळते का बघ, असंही म्हणालो.

तिनं खडू खाली ठेवला. "पप्पांनी कदी सांगितलं न्हाई," ती म्हणाली.  मग म्हणाली, "म्हंजे तुमी चुकले तवा तुमाला दादा व्हता. मी चुकले तर मला कोन हाय?"

वाटेत मी बरीच उत्तरं तयार केली होती. मार्गदर्शन, नेटवर्क, ओळखी. एकही कामाला आलं नाही. "मी हाय," म्हणालो. पुण्यात इतकी वर्षं काढून तोंडातून 'हाय'च निघालं.

आता दर शनिवारी मी नेकनूरला असतो. गावातल्यांनो, तुम्ही विचारता, याचं पुण्यात बिनसलं काय? तसं नाही. अश्विनीच्या मशीनमधून निघालेला पहिला गर कडू झाला. पाती बियांना लागून त्या फुटत होत्या, हे कळायला पाच बायकांशेजारी बसून दोन दिवस गर काढावा लागला. पाती बदलली, तरी गर अजून थोडा कडूच लागतो. आणि माझ्यासारखे जे गाव सोडून निघालात, उद्या तुमच्याही हातात माइक येईल, तेव्हा मागं राहिलेल्याचं नाव घ्या, नाहीतर ऐकणारं पोर एकटंच उडी मारेल.

पूर्वी घर म्हणजे माझी काळजी करणारी माणसं होती आणि मी बिनघोर होतो. आता शुक्रवारपासूनच माझा जीव टांगणीला लागतो, या खेपेला तरी गर गोड निघेल का. तेवढी धास्ती मला पुण्यातल्या कुठल्याच ऑर्डरची वाटत नाही, आणि घर कुठं आहे असं कुणी विचारलंच तर मी सांगेन, जिथली ही धास्ती वाटते तिथं.