रजा मागणारी स्वयंसेविका

सन २०१९. मी सत्तावन्न वर्षांचा होतो आणि तमिळ मुलखात, बंदराजवळच्या जॉर्ज टाउनमधल्या एका पोलीस ठाण्यात विशेष उपनिरीक्षक होतो. शिपाई म्हणून लागलो आणि घासत घासत तिथवर आलो. शाळा आठवीत सुटली. कायदा मी ठाण्यात शिकलो आणि मराठी लिहायला वडिलांनी घरी शिकवलं. खून पाहिले, दरोडे पाहिले, बंदरातल्या चोऱ्या पाहिल्या. पण कुणी विचारलं की राव, कुठली केस अजून डोळ्यांसमोरून हलत नाही, की मी एका इडलीच्या स्वयंपाकघराची गोष्ट सांगतो. ऐकणारे हसतात. शेवटपर्यंत ऐकावं आणि मग खुशाल हसावं, एवढंच माझं म्हणणं. नावं मात्र कुणाचीच सांगणार नाही.

आमच्या हद्दीजवळ मोठं सरकारी इस्पितळ आहे. विळुप्पुरम, धर्मपुरी अशा लांबच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात. रुग्णाला खाट मिळते, बरोबर आलेल्यांना व्हरांडा. या व्हरांड्यातल्या माणसांना एक लहानशी धर्मादाय संस्था रोज सकाळी इडली-सांबार वाढायची. फुकट. कुठं दात्याची पाटी नाही, वाढतानाचे फोटो नाहीत. सकाळच्या फेरीवर असलो की मी तिथं थांबून बघायचो. आत वाफेचे ढग आणि त्यातून ये-जा करणाऱ्या बायका, कुणाचा आवाज चढलेला नाही. बाहेर आंबलेल्या चेहऱ्यांची रांग. पान हातात आलं की तो चेहरा बदलायचा. देवळात उभं राहून मला जे कधी झालं नाही, ते तिथं व्हायचं.

संस्था चालवणाऱ्या बाई सत्तरी ओलांडलेल्या, सरकारी शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना अम्मा म्हणत. अंगावर सुती साडी, पायात रबरी चपला, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर त्या खायच्या. आमच्या ठाण्यातला खाष्टातला खाष्ट माणूसही त्यांच्यासमोर हळू बोलायचा.

एके दिवशी इस्पितळातल्या पोलीस चौकीकडून नेहमीसारखी सूचना आली. चाळिशीची बाई, उजवा हात मनगटापर्यंत चिरडलेला, कारण घरच्या ग्राइंडरमध्ये हात गेला, असं तिनं स्वतःच सांगितलेलं. अशा सूचना ठाण्यात येतच असतात. घरातला अपघात, कुणावर तक्रार नाही. आमच्या रायटरनं, म्हणजे ठाण्याची लिखापढी करणाऱ्या शिपायानं, नोंद केली आणि विषय संपला.

संपला असता, पण दुसऱ्या दिवशी दुपारी एक ऑटोवाला भांडायला आला. त्याची ऑटो नो पार्किंगमधून उचलून आणलेली होती. म्हणे, सार, गाडी तिथं उभी होती कारण मी सीट धूत होतो. मी विचारलं, रस्त्यात? म्हणाला, रक्त होतं, तसाच भाडं कसं घेऊ? मग मी त्याला बाकावर बसवलं, चहा मागवला. माणूस भांडायला आलेला असला की त्याला चहा द्यावा. भांडण राहतं बाजूला, माहिती येते.

ती बाई त्यानं घरून नव्हे, इडलीच्या स्वयंपाकघरातून उचलली होती. तिथल्या कुणीतरी त्याला बजावलं होतं की विचारलं तर घरून आणलं म्हण.

"म्हटलंही असतं, सार. मीही तिथल्या इडल्या खाल्ल्यात. पण ती बाई वाटभर हाताबद्दल एक शब्द बोलली नाही. सांबार चुलीवर आहे, कुणीतरी उतरवा, एवढंच म्हणत होती. अशा बाईच्या नावावर खोटं कसं बोलू?"

मी त्याची ऑटो सोडली. रायटरनं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

इस्पितळात जाताना वाटेत मी बाईच्या घरी डोकावलो. एका खोलीचं घर. ग्राइंडर होता, टेबलावर ठेवायचा, लहानसा. त्यात मूठ कशीबशी गेली असती, पण हाताचा चुरा करण्याइतका जोर त्याच्यात कुठून येणार?

वॉर्डात ती पडून होती, उशाशी सासू. बोलणं सगळं तमिळमध्ये झालं, मी मराठीत सांगतो. घरी लागलं, अय्या, असंच ती म्हणत राहिली. मी ग्राइंडरचं सांगितलं तेव्हा तिनं भिंतीकडे तोंड केलं. नोकरीत मी एक गोष्ट पाहिली आहे. स्वतःला वाचवायला खोटं बोलणारा भराभर बोलतो आणि चिडतो. दुसऱ्याला वाचवायला बोलणारा सावकाश बोलतो आणि चिडत नाही. ती चिडत नव्हती.

शेवटी म्हणाली, "तुम्ही लिहिलंत तर तिथं कुलूप लागेल. मग सकाळी त्या व्हरांड्यातली माणसं काय खातील?"

हात गेलेला आणि हिला लोकांच्या न्याहारीची काळजी. मग मी तिला सरळ सांगितलं. हात परत येणार नाही. घरात कमावणारी तू एकटी. कामावर असताना लागलं असेल तर कायद्यानं तुझा हक्क आहे, तो कुणाच्या मेहेरबानीवर नाही. घरी लागलं असेल तर काहीच नाही. नीट विचार कर.

"अम्मा मला वाऱ्यावर सोडणार नाहीत," ती म्हणाली.

"अम्मांचं वय काय?"

सासू बोलली. "मीही तेच विचारतेय कालपासून."

तिथून मी थेट स्वयंपाकघरात गेलो. पीठ वाटायचं यंत्र मोठं, हॉटेलात असतं तसं. त्यावर लोखंडी जाळीचं झाकण असतं. ते झाकण उडदाच्या पोत्यामागे भिंतीला टेकवून ठेवलेलं सापडलं, त्यावर धुळीचा थर. झाकण काढलं की चालू यंत्रात हातानं पीठ ढकलता येतं आणि काम लवकर उरकतं. कुणी काढायला सांगितलं, असं विचारलं तर तिथल्या सगळ्या बायका जमिनीकडे बघायला लागल्या.

तेवढ्यात संस्थेचे खजिनदार धावत आले. सिरुसेरीच्या कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते, उरलेल्या वेळात संस्थेचे कागद सांभाळायचे. त्यांनी मला समजावलं की इथं नोकर कुणीच नाही, सगळ्या स्वयंसेविका, आणि देतो ते मानधन. रोज येतात का? येतात. ठरल्या वेळेला? हो. कुणी काय करायचं ते कोण ठरवतं? तर म्हणाले, सगळं प्रेमानं ठरतं.

मी तेच प्रश्न पुन्हा विचारले तसे ते वैतागले. "सार, हे नियम मोठ्या कंपन्यांसाठी असतात. तुम्ही चोर पकडा. ट्रस्टचा कायदा तुमच्या अभ्यासाबाहेरचा आहे."

"माझा अभ्यास आठवीपर्यंतचाच आहे," मी म्हटलं. "म्हणून तर हळूहळू विचारतोय."

माझ्या केसला एकच गोष्ट हवी होती. बाई आपल्या मर्जीनं आली आणि आपल्या मर्जीनं यंत्रात हात घातला, असं असेल तर तो नुसता अपघात. पण तिला कामाला लावणारं कुणी असेल, तर ते झाकण जागेवर आहे की नाही हे बघणं त्याच्याकडे येतं आणि हाताचा जाबही त्यालाच द्यावा लागतो. तिला स्वयंसेविका म्हणा नाहीतर ताई म्हणा, कायदा हाक मारायचं नाव विचारत नाही.

मग अम्मा आल्या. माझ्या छातीवरच्या पाटीवर 'राव' वाचून थबकल्या.

"आमच्यांतले आहांत काय?"

मी म्हटलं, होय, तंजावरचे. तिथून पुढे त्या आपल्या घरच्या जुन्या मराठीत बोलू लागल्या. खजिनदारांना अक्षर कळेना. काय म्हणतायत, म्हणून ते मधे मधे विचारत राहिले. घरच्या गोष्टी, एवढंच अम्मांनी त्यांना सांगितलं.

मी गुन्ह्याचं आधी कधीच विचारत नाही. घरचं विचारतो. त्या बाईच्या घरचं अम्मांना सगळं ठाऊक होतं. सासूची साखर, वेल्लूरला दिलेली मुलगी, तिला दिवस गेलेले. म्हणाल्या, अपघाताच्या दिवशीच त्या मुलीचं वळैकाप्पु होतं, म्हणजे आपलं डोहाळजेवण, गर्भार मुलीला बांगड्या भरतात ते.

"मुलीचं डोहाळजेवण आणि आई इथं पीठ वाटत होती?"

"रजा मागितली होती तिनं," अम्मा म्हणाल्या. "मीच दिली नाही. इथल्या दोन बायका आधीच गावी गेलेल्या. म्हटलं, पीठ वाटून दे आणि मग जा. ती घाईत..."

त्यांनी यंत्राकडे बघितलं.

पोलिसाला रजेबद्दल शिकवावं लागत नाही. माझ्या मुलीच्या बारशाला मी मिरवणुकीच्या बंदोबस्तावर उभा होतो. रजा कोण मागतो आणि कोण नाकारतो, हे शिपायाच्या अंगात भिनलेलं असतं. मी एवढंच विचारलं, "तुम्ही नाही म्हटल्यावर ती थांबली?"

"थांबली."

खजिनदारांनी पुन्हा तोंड उघडलं. अम्मांनी वर्गातल्या पोराला दाखवावा तसा त्यांना हात दाखवला.

"राव, सेवा करायला येणारी सांगते, उद्या मी येत नाही. हिला विचारावं लागलं. आणि मला 'नाही' असं म्हणता आलं. मग मी इतकी वर्षं कोण होते? मालकीणच होते." पुढे म्हणाल्या, "मी पेन्शनवर जगते. म्हणून मला इथून काही घ्यावं लागत नाही, आणि तेच मी यांना अभिमानानं सांगत आले. शाळेत माझी एक रजा अडवली तेव्हा मी संघटनेकडे गेले होते. या बायका कुठं जाणार? मी तर अम्मा."

हे सगळं त्यांनी खजिनदारांना तमिळमध्ये स्वतःच सांगितलं. खजिनदारांचा चेहरा पडला. माणूस वाईट नव्हता. त्यांना स्वयंपाकघर बंद पडायची भीती होती. नियम लावले तर झेपणार नाही, असं ते म्हणत राहिले. अम्मा म्हणाल्या, झेपत नसेल तर कमी माणसांना वाढू.

मी माझं कर्तव्य केलं. अम्मांना सांगितलं की पोलिसापुढं दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही, तुम्ही आधी वकील बघा.

"मग कुठं सांगितलेलं टिकतं," त्यांनी विचारलं, "तेवढं सांगा."

इतकी वर्षं नोकरी केली. शिकलेले, पैसेवाले, पदावरचे लोक पोलीस दिसला की कसे निसटायला बघतात ते जवळून पाहिलं. असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं की कामावर अपघात झाला तर मालकानं कामगार खात्याला कळवायचं असतं. त्यांनी यंत्राचा फ्यूज स्वतःच्या हातानं काढला, चपला घातल्या आणि खजिनदारांना घेऊन निघाल्या. वाटेत इस्पितळात थांबून त्या बाईला सांगितलं की खरं ते बोल, माझ्यासाठी खोटं बोलू नकोस.

पुढे केस झाली. अम्मांनी कोर्टात गुन्हा कबूल केला, दंड भरला. कामगार खात्यात सुनावण्या झाल्या आणि त्या बाईला हक्कानं मिळायचं ते मिळालं. बाकीच्या बायकांच्या हातात नेमणुकीची पत्रं आली, तमिळमध्ये, वाचता येतील अशी. विमा, भविष्यनिर्वाह निधी, आठवड्याची सुट्टी, बायकांच्या तक्रारी ऐकायला बाहेरच्या एका बाईसह समिती, हे सगळं त्या खजिनदारांनीच खेटे घालून उभं केलं. काही महिने पानं कमी वाढली गेली. कुलूप लागलं नाही. पहिली रजा घ्यायला मात्र त्या बायका इतक्या लाजत होत्या की अम्मांना एकीला रागावून घरी पाठवावं लागलं.

मी यातून काय शिकलो? चोराला कायदा ठाऊक असतो, कारण त्याला त्याच्यापासून पळायचं असतं. चांगल्या माणसाला मात्र कायदा आपल्यासाठीही आहे हे सुचत नाही. त्याला वाटतं, माझं मन साफ आहे, मग कागद कशाला? पण त्याचं मन त्याच्याबरोबर जाणार. हात गमावलेल्या बाईला त्यानंतरही जगायचं असतं. लहान संस्था चालवणाऱ्या कुणी हे वाचलं तर त्यांना माझं एकच सांगणं आहे. तुमच्याकडे कोण रजा मागतं, तेवढं आज आठवून बघा.

पण हे सगळं पुढचं. अम्मा बोलल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी रायटरला घेऊन वॉर्डात गेलो. बाई उठून बसली होती, सासूनं वेणी घालून दिलेली. तिनं आधी विचारलं, आज तिकडे काय केलं? मी वाटेत बघून आलो होतो. म्हटलं, यंत्र बंद आहे, उपमा केला.

"कुणी? अम्मांनी?"

"हो."

"बिचारी माणसं," ती म्हणाली. सासूनं हसू दाबायला तोंडाला पदर लावला.

मग तिनं फिर्याद दिली. कामावर असताना लागलं, हे पहिल्यांदा तिच्या तोंडून आलं. रायटरनं लिहून घेतलं, तिला वाचून दाखवलं आणि डाव्या अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे केली. तिनं ती बाजूला सारली.

"मला सही येते."

डाव्या हातानं ती पहिल्यांदाच लिहीत होती. एकेक अक्षर कोसळायचं, ती पुन्हा उभं करायची. कागद सारखा सरकत होता, कारण तो धरून ठेवायला तिला दुसरा हात नव्हता. रायटर म्हणाला, सार, वेळ होतोय. मी त्याला मागे हो म्हटलं, खाटेजवळ वाकलो आणि तिचं नाव पुरं होईपर्यंत तो कागद दोन्ही हातांनी दाबून धरला.