चाळीने दिलेली बरोबर उत्तरं

ये गं बाय, जवळ ये. अशी दारात चप्पल घालून उभी राहू नकोस, कुरिअरवाली आल्यासारखी. आता म्हणशील, आजी, मी पनवेलला, तू लालबागला, दारात कुठून आले मी? पण लिहायला बसले की समोर कुणीतरी बसलेलं लागतं मला, त्याशिवाय पेन हलत नाही. म्हणून तुला बसवलीय. गणपतीत आलीस, दीड मोदक खाल्लास, अर्धा ताटात टाकलास आणि गेलीस. तेव्हापासून तोंड दाखवलं नाहीस. शोभतं का हे?

तुझी आई सांगत होती, तू फॉर्म भरलायस. तुझ्या आत्याने केलं तेच शिक्षण, डॉक्टरकीच्या पुढचं, सार्वजनिक आरोग्याचं. आणि आत्याला फोन करून विचारलंस, "कोर्स कसा आहे गं?" ती "चांगला आहे" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मग तू घरभर कुरकुर केलीस म्हणे, आत्याला शिष्टपणा चढलाय. शिष्टपणा नाही तो. ती सांगणार नाही, म्हणून मी सांगते. कोर्स कर किंवा करू नकोस. मी नको म्हणणार नाही, आणि हो सुद्धा म्हणणार नाही.

तुझे आजोबा तुला आठवत नसतील. गिरणी गेल्यावर ते गिरगावात एका ऑफिसच्या इमारतीत वॉचमन होते, सकाळच्या पाळीला. त्यांना ब्लडप्रेशर. आमच्या नायगावच्या चाळीच्या तोंडाशीच एका धर्मादाय ट्रस्टचा दवाखाना होता, खिडकीतून त्याची पाटी दिसायची. डॉक्टर चांगला, गोळ्या फुकट. पण उघडा फक्त सकाळी. सकाळी हे ड्यूटीवर, आणि हे परत येईपर्यंत दवाखान्याला कुलूप. कधी मी जाऊन गोळ्या मागायची, तर कंपाउंडर म्हणायचा, पेशंटला आणा. पेशंट आणू कुठून? मग काही दिवस गोळी, काही दिवस नाही. एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून ब्रश पडला. पडला तो त्यांना उचलताच येईना. डावी बाजू गेली, आणि दिवाळीच्या आत ते गेले.

तुझी आत्या तेव्हा आयुर्वेदाची डॉक्टरकी पास होऊन लालबागला एका दवाखान्यात बसत होती. तेरावं झाल्यावर मला म्हणाली, "आई, मला परत शिकायचंय."

"आता काय शिकायचं राहिलंय? डॉक्टर झालीस की!"

"बाबांना रोग माहीत होता, औषध माहीत होतं, दवाखाना समोर होता. फक्त वेळ जुळली नाही. त्याचं शिक्षण वेगळं असतं."

"वेळेचं शिक्षण?"

"तसंच समज."

मी म्हटलं, "मग लग्नाची वेळ कधी जुळते तेही शिकवतात का बघ." हसली. तेव्हा हसायची गं ती.

मी चौथीत शाळा सोडली, हे तुला माहीत आहे. वाचायला शिकले ती पुड्यांच्या कागदांवर. तिची पुस्तकं सगळी इंग्रजी, पण मी तांदूळ निवडत बसायची आणि ती मला मराठीत सांगायची. प्राथमिक आरोग्य सेवा म्हणजे काय, तर दाराजवळची सेवा, माणसाला जमेल त्या वेळी, जमेल त्या खर्चात. मी म्हटलं, "एवढं सांगायला एवढं जाड पुस्तक?" तर म्हणाली, "आई, हे सगळ्यांना कळतं. पटवायला पुस्तक लागतं."

पटवायचं होतं त्या ट्रस्टला. तिथल्या व्यवस्थापकांना ती भेटून आली. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "संध्याकाळी डॉक्टर बसवायचा तर ट्रस्टींना कागद दाखवावा लागेल. तुमच्या अभ्यासात दिसलं की लोकांना सकाळी जमत नाही आणि त्यामुळे औषधं चुकतात, तर संध्याकाळी दोन तास उघडू." झालं. त्या दिवसापासून तिचा जीव त्या दोन तासांत अडकला. डिग्रीचं ती बोलायचीच नाही. "आई, दोन तास मिळाले की पुरे," एवढंच.

तिच्या कॉलेजातल्या मॅडमनी, ज्या तिच्या प्रबंधाच्या मार्गदर्शक होत्या, त्यांनी बजावलं होतं, "स्वतःची चाळ घेऊ नकोस. तिथली तू मुलगी आहेस." ही घरी येऊन चिडचिड करायची. "मला उघडतात तसं दार परक्याला उघडतील का? माझ्याशी बोलतात तसं परक्याशी बोलतील?" मलाही ते पटलं. चाळीत सगळ्यांच्या मांडीवर वाढलेली पोर. हट्टाने तिने आमचीच चाळ घेतली.

पुढच्या वर्षीची दिवाळी झाली आणि ती घरोघरी जायला लागली. प्रश्नांचे कागद, खांद्याला पिशवी. मी निघाले बरोबर, तर मला म्हणते, "तू घरात बस. तू असलीस की लोक तुझ्याशीच गप्पा मारतात." बसले. पॅसेजमधून नुसता आवाज यायचा. हसणं, "ये ये, डॉक्टरीणबाई", कपबशा, कुकरच्या शिट्ट्या. मला वाटायचं, किती छान चाललंय पोरीचं.

कागद भरून झाले, तिने हिशेब मांडला आणि तिच्या कपाळावरची आठी काही जाईना. महिन्यात किती गोळ्या चुकल्या? कुणाचीच एकही नाही. सकाळी दवाखान्यात जायला जमतं का? सगळ्यांना जमतं. दवाखान्याची वेळ सोयीची आहे का? फारच सोयीची. "आई, आपली चाळ एवढी निरोगी कधी झाली?" मी म्हटलं, "बरंच की!" व्यवस्थापकांचा फोन आला, ट्रस्टींची बैठक आहे, जे आहे ते पाठवा. खोटं लिहायचं कसं? जे आलं होतं ते तिने पाठवलं. उत्तर आलं: आपल्या अभ्यासाबद्दल आभार, सध्याच्या वेळा लोकांना सोयीच्या असल्याचं वाचून समाधान वाटलं.

दोन तास गेले ते तेव्हाच गेले. का गेले, ते आम्हाला संक्रांतीला कळलं.

आमच्या समोरच्या खोलीत काकी राहायची, मूळची कणकवलीकडची. दादरला सकाळी चार घरचा स्वयंपाक करायची. तिच्याकडे हळदीकुंकू. विधवा म्हणून मला वगळणं काकीला मान्यच नव्हतं, हाताला धरून न्यायची. त्या वर्षी वाण म्हणून तिने काय लुटावं? सात खणांचे प्लास्टिकचे डबे, वारांची नावं लिहिलेले, गोळ्या ठेवायचे. तुझ्या आत्याच्या अभ्यासाला मान म्हणून! आत्याला भरून आलं. चहाचे कप ठेवायला ती आत ओट्याशी गेली, तर तिथे काकीचा स्वतःचा डबा. सोमवारात मोहरी, मंगळवारात जिरं, बुधवारात लवंगा.

"काकी, तुमच्या गोळ्या कुठे आहेत?"

"असतील गो त्या कपाटावर. अर्धी अर्धी करून घेतंय मी, एक दिवसाआड. सकाळी दादर सोडून दवाखान्यात कशी जातलंय?"

"मग मला सांगितलंत एकही चुकली नाही!"

आणि काकी हसली गं, अगदी मायेने. "अगो, तुझी परीक्षा ना ती! चुकीचं उत्तर देऊन तुला नापास करू? सगळ्यांनी बरोबर उत्तरं दिली हो. माझी साखर मी शंभरच सांगितली." बाकीच्या बायका माना डोलवायला लागल्या. एक म्हणाली, मी तर दोन दिवस पाठ करत होते. मग सगळंच बाहेर आलं. कोपऱ्यातल्या खोलीतले कंडक्टरकाका, बसमधून निवृत्त झालेले. पहिल्या घरी तिने काय विचारलं ते त्यांनी काढून घेतलं आणि संध्याकाळी जिन्यावर बसून सगळ्यांची तयारी करून घेतली. दवाखान्याबद्दल विचारलं तर तक्रार करायची नाही, पोरीवर शेकेल. गोळी चुकली म्हणायचं नाही, पोरीचे मार्क जातील. "पेपर फुटला होता आपला!" असं म्हणून सगळ्या हसल्या, आणि विचारायला लागल्या, "मग, पहिला नंबर ना?"

आत्या हातात कप घेऊन उभी होती. कुणावर ओरडणार? प्रत्येक जण तिच्याकडे बक्षीस दिल्यासारखं बघत होता.

मॅडमना जाऊन तिने सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, हेच वाईट झालं, असं मला म्हणाली. त्या म्हणाल्या, पुन्हा कर. हिने पुन्हा पिशवी उचलली. घरोघर समजावलं की बाबांनो, परीक्षा माझी नाही, दवाखान्याची आहे. तुम्हाला जमत नाही असं कागदावर आलं तरच संध्याकाळी डॉक्टर येईल.

"अरे देवा, म्हणजे आम्ही नापास केलं तुला?" चाळ हळहळली. आणि गं बाय, दुसऱ्या खेपेला सगळी चाळ आजारी पडली. ज्यांना कधी पडसं झालं नाही त्यांना साखर झाली. एकाला तर घरातून दवाखान्याची पाटीसुद्धा दिसेनाशी झाली. कंडक्टरकाका माझ्यादेखत तिला म्हणाले, "माझी चारशे लिही."

"काका, तुम्हाला डायबिटीसच नाही."

"लिही गं तू!"

"काका, खरं सांगा ना. तुमच्या पाया पडते."

"खरंच सांगतोय. किती पाहिजे तेवढं खरं सांगतो. तू नुसतं बोल, किती साखर असली की संध्याकाळी उघडतील?"

तिने पेनाला टोपण लावलं. मी दारातच होते. तसा चेहरा मी तिच्या बाबांच्या वेळीही पाहिला नव्हता.

तिसऱ्यांदा करायचं म्हणाली असती तरी करायला माणसं कुठे होती? चाळी पाडून टॉवर होणार, हे इतकी वर्षं नुसतं ऐकत होतो, ते खरोखर सुरू झालं. कुणी विरारला खोली घेतली, कुणी दिव्याला, कुणी गावाला निघून गेलं, आम्ही दोघी इथे लालबागला आलो. दर आठवड्याला एकेका दाराला कुलूप. चाळच नाही तर सकाळीही पेशंट नाही. पुढे ट्रस्टने तो दवाखानाही बंद केला. त्यांची तरी काय चूक?

प्रबंध तिने लिहिला. या माहितीवरून काहीच सांगता येत नाही, असं स्वच्छ लिहिलं. शेवटच्या काठावर पास झाली. पदवीच्या समारंभाला गेली नाही, कागद पोस्टाने आला.

काकी दिव्याला गेली होती. तिथे दवाखाना कुठे आहे हेही तिला माहीत नव्हतं, आणि दादरची कामं काही तिने सोडली नाहीत. दसऱ्याच्या सुमाराला तिच्या मुलाचा फोन आला. डावी बाजू. मी आणि आत्या बघायला गेलो. काकी खाटेवर, तोंड वाकडं झालेलं, अर्धे शब्द कळायचे, अर्धे नाही. आत्याचं बोट धरलं आणि कसंबसं म्हणाली, "पास... ना?"

आत्या म्हणाली, "हो काकी. पहिल्या नंबराने."

काकीला केवढं बरं वाटलं! महिन्याभराने गेली ती.

नंतर तिने ऐरोलीला विम्याच्या कंपनीत नोकरी धरली. लोकांच्या आजाराचे कागद कॉम्प्युटरवर तपासते, माणूस समोर येत नाही. तिथेच खोली घेऊन राहते. मी एकदा म्हटलं, आता लालबागला एवढी गर्दी, इथल्या लोकांसाठी काही कर, पुन्हा विचारून बघ लोकांना. तर म्हणाली, "आई, लोकांना विचारून काही कळत नाही." चिडून नाही म्हणाली गं. शांतपणे म्हणाली. जी पोर ऐकून घ्यायला शिकली, तिने ऐकायचंच सोडलं. मी तिला समजवायला जाते, पण काय सांगू? लोक खरं बोलतात असं सांगू? मीच तर सगळं पाहिलंय.

आता मलाही प्रेशर आहे. रोज सकाळी ऑफिसला निघताना तिचा फोन येतो.

"गोळी घेतलीस?"

"घेतली."

"बरं."

मी खरंच घेतलेली असते. देवाशपथ घेतलेली असते. पण त्या "बरं"मध्ये मला कळतं, तिने ते खरं धरलेलं नाही. दुसरा प्रश्न ती विचारत नाही. मी पुढे काहीतरी बोलावं म्हणून फोन कानाला धरून ठेवते, तोवर तिने ठेवलेला असतो.

तू ये गं लवकर. रविवारी ये, दोन्ही वेळ जेवायला थांब. शनिवारी रात्री आलीस तर आणखी बरं, म्हणजे सकाळी मी गोळी घेते तेव्हा तू शेजारी असशील, आणि तिचा फोन आला की तूच उचल.