पन्नाशीतला ठेका

सकाळी चहाला आधण येतं न येतं, तोच आतल्या खोलीतून तबल्याचा निनाद उमटतो. आधी चाचपडत, मग स्थिर, मग असा काही प्रवाही, की ठाकुर्लीतल्या आमच्या जुन्या इमारतीच्या भिंतींना खरोखरच कान फुटावेत! वाजवणारी माझी पत्नी, वैदेही. नुकतीच पन्नाशी ओलांडलेली.

लहानपणी ती तबला शिकत असे. पुढे नोकरी, संसार, मुलगी यांत तो सुटला. पण सुटलं म्हणजे संपलं थोडंच? लग्नानंतर एका संध्याकाळी आम्ही ठाण्याच्या तलावपाळीवर बसलेलो असताना ती म्हणाली, "पन्नाशीला मी नोकरी सोडणार आणि पुन्हा तबला शिकणार. तयारी आतापासूनच करू या." तेव्हापासून पगार झाला की पहिला वाटा त्या स्वप्नाचा. आजारपणाचा विमा वेगळा, मुलीच्या शिक्षणाची तरतूद वेगळी. या गंगाजळीला मात्र कुणी हात लावायचा नाही. आम्ही कृपण नव्हतो हं! नाटकं पाहिली, कोकणात मनसोक्त हिंडलो. फक्त लोकांच्या डोळ्यांत भरावं म्हणून काही घेतलं नाही.

कसोटीचा क्षण आला तो शीळफाट्याजवळच्या एका नव्या टॉवरमध्ये. वैदेहीचे थोरले बंधू आम्हाला आग्रहाने फ्लॅट दाखवायला घेऊन गेलेले. "अगं, किती वर्षं त्या दोन खोल्यांत काढणार? साठवलेलं घाला यात, उरलेलं कर्ज काढा." गच्चीतून दिसणारी हिरवी डोंगररांग पाहून माझंही मन विरघळलेलं. वैदेही शांतपणे म्हणाली, "दादा, घर सुंदर आहे रे. पण याचे हप्ते फिटेपर्यंत मी साठीला पोहोचेन. तोवर ही बोटं माझं ऐकतील का?"

फ्लॅट न घेताच आम्ही परतलो. धनसंचयातही इतकं लालित्य असू शकतं, हे मला आधी कुणी सांगितलं असतं, तर पटलं असतं का?

ठरल्याप्रमाणे तिने राजीनामा दिला. ठाण्याच्या गुरूंकडे आमच्या लेकीहूनही लहान विद्यार्थ्यांशेजारी मांडी घालून ती पहिल्या बोलापासून पुन्हा शिकली.

गेल्या महिन्यात डोंबिवलीच्या एका छोट्या सभागृहात गुरूंच्या शिष्यांचं वादन झालं. निवेदन करणाऱ्या मुलीने विचारलं, "काकू, परिचयात काय सांगू? निवृत्त अधिकारी म्हणू?"

"वैदेही, तबलावादक. एवढंच म्हण."

आणि ती रंगमंचाच्या पायऱ्या चढली. समेवर शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी "क्या बात है!" अशी दाद दिली, तेव्हा मला राहवलं नाही. त्यांच्या कानाशी झुकून मी म्हणालो, "माझी बायको आहे ती!"