सगळेच प्रमुख

पूर-अंदाज कार्यालयाची ख्याती अशी, की पूर ओसरून लोकांनी घरातला चिखल उपसला की तिथून पत्रक निघायचं: पूर येण्याची दाट शक्यता. अंदाज अचूक असायचा, एवढं कबूल करायला हवं.

नदीचं सगळं गणित एकाच संगणकावर चाले आणि तो बिचारा धापा टाकत राही. बाकीचे संगणक तोवर साहेबलोकांना पत्ते खेळवत. तिथल्या प्रोग्रामर बाईंना हे बघवेना. त्यांनी खपून गणिताचे तुकडे पाडले आणि प्रत्येक संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमला एक पुरवणी जोडली. एका यंत्रावर भार वाढला की कामाचा तुकडा नेटवर्कवरून रिकाम्या यंत्राकडे जाई आणि उत्तर घेऊन परते.

"ही पुरवणी घरीही बसव की," त्यांचा नवरा म्हणाला.

"बसवली असती. पण रिकामं यंत्र कामाला नाही म्हणत नाही, रिकामा नवरा म्हणतो."

पहिल्याच चाचणीत गणित जेवणाच्या सुट्टीआधी उरकलं. झालं, कार्यालयावर आभाळ कोसळलं.

"बाई, माझ्या संगणकावर परक्या खोलीचं काम?" संचालक कडाडले.

"साहेब, तुम्ही वापरत नसता तेव्हाच..."

"मी वापरतो की नाही हा प्रश्नच नाही. तो माझा आहे!"

त्यांचं बघून सगळ्या विभागप्रमुखांनी आपापली यंत्रं सोडवून घेतली. उरलं एकट्या बाईंचं. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं त्यांना, पण भिंतही कुठल्यातरी विभागाचीच.

मग त्या एकेका साहेबांच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून हळूच म्हणाल्या, "नव्या रचनेत प्रमुख यंत्र तुमचं. बाकीची तुमच्या हाताखाली. बोलू नका कुठे, उगाच जळतील."

यात खोटं काहीच नव्हतं. त्या रचनेत मालक कुणीच नव्हता. ज्याचं काम, त्या कामापुरतं त्याचं यंत्र प्रमुख.

"लेखाविभागही माझ्या हाताखाली?" संचालकांनी विचारलं.

"तो तर आधी."

लगेच संमती मिळाली.

पुढे नदी फुगली तेव्हा पत्रक पाण्याआधी पोचलं. खालच्या वस्तीतली माणसं अंथरुणं, भांडी, म्हातारेकोतारे घेऊन टेकडीवर गेली. पाणी शिरलं ते रिकाम्या घरांत.

सत्कार झाला. अर्थात संचालकांचा. भाषण चालू असताना प्रत्येक विभागप्रमुख शेजारच्याकडे मोठ्या मायेनं, हाताखालच्या माणसाकडे बघावं तसा बघत होता. मागच्या रांगेत बाईंनी मात्र मनापासून टाळ्या वाजवल्या. वस्तीतलं एकही माणूस दगावलं नव्हतं.